माल्टघराच्या खुणा

जर्मनीतल्या एका गावातलं दोनशे वर्षांचं माल्टघर आमच्या कंपनीनं सुटं करून दुबईत जबल अलीच्या गोदामात आणून टाकलं होतं. चारशे बारा लाकडं, आणि खिळा एकही नाही. एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत, वर लाकडी खुंटी, की झालं घर. फुजैराच्या एका हॉटेलात ते रेस्टॉरंट म्हणून उभं राहणार होतं.

"माल्टघर म्हणजे हो काय?" शोभनानं, माझ्या बायकोनं, विचारलं होतं.

"बिअरसाठी जव भिजवायचे, जमिनीवर पसरून मोड आणायचे, मग भट्टीवर वाळवायचे. म्हणून लांबच लांब मजले, बुटकी छतं आणि भट्टीवर उंच निमुळतं धुराडं."

"मोड आणायला एवढं घर? माझी मटकी तर फडक्यात मावते!"

मला हसायचंही त्राण नव्हतं. एकवीस वर्षांच्या या नोकरीनं मी पार पिचलो होतो. निवृत्तीला चार महिने होते, तेवढे नावाला बट्टा न लागता निघावेत एवढंच मागणं.

लाकडांवर रेघा, फुल्या कोरलेल्या होत्या. मला ते ओरखडे वाटले. आमचा सुतार दत्ताराम सावंतवाडीचा, राहायला सोनापूरच्या कामगार कॅम्पात. तो म्हणाला, "साहेब, ह्या जोडाच्या खुणा आहेत. कुठलं टोक कुठल्या खाचेत, ते ह्यांवरून कळतं. सुतारानं सुताराची खूण पुसू नये."

"क्लायंटला क्लीन फिनिश पाहिजे, दत्ताराम. माझं डोकं नका खाऊ. रंधा मारा, यल्ला, चला!"

"बरं, साहेब."

लाकडं फुजैराला पोचली तेव्हा त्यांची टोकं प्रवासासाठी बांधलेल्या गोणपाटातच होती. आमचा मॅनेजर उमर ड्रॉइंग उघडून खुणा शोधू लागला.

"प्रल्हाद, मार्किंग किधर है? किसने साफ किया?"

ते चार महिने माझ्या डोळ्यांपुढे आले. "कारपेंटर ने. अपने मन से," मी म्हणालो. अंगावरचं झुरळ झटकावं तसं झटकलं मी त्याला.

"खलास. उसको घर भेजो."

गुरुवारी संध्याकाळी दत्तारामचा दोनदा फोन आला. गयावया करेल, पोरांची नावं घेईल. ते ऐकायचं बळ माझ्यात नव्हतं. मी फोन उचलला नाही. शुक्रवारी त्याला विमानात बसवलं.

सोमवारी गोणपाट सोडलं. प्रत्येक टोकावर, खाचेत शिरल्यावर दिसणार नाही अशा जागी, पटाशीनं कोरलेली ताजी खूण होती. तीच रेघ, तीच फुली. रंधा मारण्याआधी त्यानं चारशे बारा लाकडांवर त्या उतरवून घेतल्या होत्या.

उमर खूश झाला. "हबीबी, किसका आयडिया?"

"दत्ताराम का. और साफ करने को मैंने बोला था. मैं झूठ बोला, उमर."

त्यानं ड्रॉइंग मिटलं. "अब बोल रहा है? उसका वीजा तो कॅन्सल हो गया."

मला माझी किळस आली. बाहेर उन्हात जाऊन मी सावंतवाडीला फोन लावला.

"दत्ताराम, टोकांवर खुणा कोरल्यात, ते सांगायचं ना हो!"

"तेच सांगायला गुरुवारी फोन केला होता, साहेब. दोनदा." मग त्यानं विचारलं, "जोड बसतायत ना नीट?"

"बसतायत," मी म्हणालो.