लाल शीड

खडकवासल्याच्या पाण्यावर होड्यांच्या शर्यतीत दोनच शिडं पुढे होती. लाल माझ्या नवऱ्याचं, प्रज्ञेशचं, आणि निळं राजसचं. दोघेही एकाच सॉफ्टवेअर कंपनीत, एकाच प्रमोशनच्या मागे.

"ऑफिसात भांडायला जागा पुरली नाही, म्हणून धरणात आलेत," राजसची बायको उल्का म्हणाली. कडेवरच्या आमच्या छोट्या आमूला घट्ट धरून मी कशीबशी हसले.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि लाल शीड पाण्यावर आडवं झालं. डोकं काही वर दिसेना. बचावाची मोटरबोट पार पलीकडच्या काठाला होती. उल्काने माझा हात धरला. "अगं, लाइफ जॅकेट आहे त्याला. येईल वर."

निळी होडी मात्र न थांबता सुसाट काठाकडे येऊ लागली. सुकाणूवर प्रज्ञेश होता! ऐनवेळी त्यांनी होड्या बदलल्या होत्या, आणि आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझ्या हातातला उल्काचा हात गार पडला.

प्रज्ञेशची नजर शर्यतीच्या शेवटच्या झेंड्यावर होती. मागचं त्याने पाहिलंच नव्हतं. आणखी थोडं, की तो काठावर माझ्याजवळ आला असता.

"प्रज्ञेश, मागे फिर!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "राजस बुडतोय!"

निळं शीड वळलं आणि त्याच वाऱ्यात शिरलं. आता माझाही हात गार पडला होता.