तीस दिवस पाहणारी वही

मित्रांनो, मोठ्या बाईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या वर्षी माझं आयुष्य नासलं. मी एका रुग्णालयातली जुनी नोंदवही आहे, जाड पुठ्ठ्याची.

आमच्याकडे एक रीत होती. नवं यंत्र आलं की जुनं लगेच काढायचं नाही. तीस दिवस दोन्ही शेजारी चालवायची आणि दिसेल तो फरक रोज माझ्यात लिहायचा. हे काम मोठ्या बाईंचं. त्या मुख्य परिचारिका. माझ्यातल्या नोंदी दाखवून त्यांनी दोन यंत्रं परत पाठवली होती. तेव्हा मला मान होता.

त्या वर्षी खाटेजवळच्या घंटा काढून बटणं बसवायचं ठरलं. रोग्याने बटण दाबलं की परिचारिकांच्या खोलीतल्या संगणकावर निरोप उमटणार. व्यवस्थापकसाहेबांना घाई होती.

"बाई, तीस दिवस कशाला? कंपनीचा माणूस दाखवून गेला ना."

"तो काय खाटेवर आजारी पडून दाखवून गेला?" बाई म्हणाल्या.

सहाव्या दिवशी निरोप चार मिनिटं उशिरा आला. बाईंनी तो लिहून खाली रेघ ओढली. आठव्या दिवशी लेकीला कळा सुरू झाल्या आणि त्या रजेवर गेल्या. त्याच दुपारी कारकून मला घेऊन बसला. तेलकट बोटाला थुंकी लावून पानं उलटत त्याने तिसाव्या दिवसापर्यंत एकच शब्द लिहिला, 'समाधानकारक'. न उगवलेल्या दिवसांपुढेही तोच. एका परिचारिकेने हटकलं, तर म्हणाला, "साहेबांना आजच अहवाल हवाय. आणि वाईट कुठे लिहिलंय मी?"

दुसऱ्या दिवशी घंटा निघाल्या.

एकविसाव्या दिवशी संगणक सकाळीच बंद पडला. माझ्यात मात्र तो आधीच समाधानकारक चालून गेला होता. अकरा नंबरच्या खाटेवरच्या गवंड्याला धाप लागली. त्याची बायको खाली औषध आणायला गेली होती. तो बटण दाबत राहिला.

चौकशीत साहेबांनी मलाच पुढे सरकवलं. वहीत सगळं ठीक आहे, म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. रजेवरून आलेल्या बाईंनी ती पानं वाचली आणि मला लांब ढकललं. "हिला हात लावायचीसुद्धा शिसारी येते," म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? मलाच माझी किळस येते. त्या थुंकीचे डाग अजून माझ्या कोपऱ्यांवर आहेत.

मित्रांनो, न पाहिलेला दिवस पाहिला म्हणून लिहू नका. पान कोरं सोडा. कोरं पान पाहून कुणीतरी निदान विचारलं असतं.

गवंडी त्या एकविसाव्या दिवशीच दुपारी सव्वातीन वाजता वारला. तो बावन्न वर्षांचा होता.