एकतिसावी ओळ

ओळ १. रंग.
जुनी: लाल होती म्हणे. आता विटकरी.
नवी: पांढरी. तोंड बघून घ्यावं इतकी चकचकीत.

वापरलेल्या गाड्या तपासून देणारा तो माणूस हा कागद घेऊन विक्रेत्याच्या आवारात उभा होता. चाळीस ओळींचा कागद त्याने स्वतःच्या हाताने आखलेला. गॅरेजची नोकरी सोडल्यापासून त्याचं पोट याच कागदावर चालायचं. आजचं गिऱ्हाईक मात्र घरचं होतं. सख्खी धाकटी बहीण. ती नर्स होती, आजाऱ्यांच्या घरी जाऊन काम करायची आणि शाळा सुटली की मुलीलाही बरोबर घेऊन फिरायची. दोन हॅचबॅक तिच्या ऐपतीत बसत होत्या. दोन्हींमध्ये तेरा वर्षांचं अंतर.

"दादा, हिच्या काचा हाताने फिरवायच्या? माझे खांदे आधीच गेलेत."

"व्यायाम होईल."

"तुझ्या जिभेला होतोय तेवढा पुरे."

ओळ १२. इंजिन.
जुनी: पहिल्या किल्लीला खोकली, दुसरीला उठली. मग शहाण्यासारखी चालत राहिली.
नवी: चालू आहे की बंद, बोनेटवर हात ठेवल्याशिवाय कळेना.

ओळ १९. गंज.
जुनी: दारांच्या कडांना, पायाखाली. सगळा उघड्यावर.
नवी: नाही.

ओळ २२. क्लच.
जुनी: जड.
नवी: लोण्यासारखा.

"अपघात?" त्याने विचारलं.

"एक ओरखडा दाखवा," विक्रेता लांबूनच म्हणाला आणि फोनवर बोलत आत गेला.

ओळ ३१. एअरबॅगचा दिवा. किल्ली फिरवल्यावर लागावा, मग विझावा.
जुनी: एअरबॅगच नाहीत.
नवी: लागला. विझला. ठी…

तेवढ्यात भाचीने शेजारची सीट पटकावली आणि पाय थेट डॅशबोर्डवर टाकले.

"पाय खाली घे," म्हणत त्याने तिचे बूट बाजूला सारले. हात तिथेच राहिला. बोटांखाली एक बारीक, तिरकी रेघ लागली.

ती रेघ त्याच्या बायकोच्या पर्सवरची होती.

ओळ ३१, पुन्हा.
चार वर्षांपूर्वी ही गाडी गॅरेजात आली तेव्हा पुढून चेपलेली होती आणि दोन्ही एअरबॅग फुटून बाहेर लोंबत होत्या. गॅरेजवाला म्हणाला, नव्या टाकायच्या नाहीत, महाग पडतात. दिवा गप्प कर आणि भोक बुजव. त्याने दिवा गप्प केला. नखाएवढा एक तुकडा वायरीत बसवला की गाडीला वाटतं, एअरबॅग जागेवर आहे. डॅशबोर्डची फाट मागून सांधली, वरून पुट्टी भरली आणि ती ओली असताना वर बायकोच्या जुन्या पर्सचं कातडं दाबलं, म्हणजे खालच्या प्लास्टिकसारखीच दाणेदार नक्षी उठते. पर्सवर किल्लीचा ओरखडा होता. तोही उठला. कुणाला दिसला नाही. गॅरेजवाल्याने पाठ थोपटली, आणि त्या संध्याकाळी घरी जाऊन त्याने बायकोला हौसेने सगळं सांगितलं होतं. लाज? छे. तो चक्क शीळ घालत होता.

पुढे हा कागद आखताना एकतिसाव्या ओळीपाशी त्याचं पेन बराच वेळ अडलं होतं. "एअरबॅगचं झाकण उघडून बघा," असं लिहायला हवं होतं. त्याने दिव्यावर भागवलं.

ओळ २२, खाडाखोड करून. क्लच.
नवी: घसरतो.

ओळ २६. ब्रेक.
नवी: संशयास्पद.

बहीण खिडकीतून वाकून वाचत होती. "मघाशी तर लोण्यासारखा होता."

"पुन्हा बघितला. मला विचारशील तर ती विटकरी घे."

"सेफ्टीसाठी तर ही बघतेय ना! ही बया कायम पुढे बसते. दोन एअरबॅग आहेत म्हणाला तो."

"क्लचला खर्च निघेल."

"दादा, इकडे बघ." त्याने बघितलं. "पेशंट गोळी गालात धरून 'गिळली' म्हणतो ना, तेव्हा असंच तोंड करतो. उघड."

भाची खुदकन हसली. तो हसला नाही.

"यात एअरबॅग नाहीत," तो म्हणाला.

"दिवा तर विझला."

"तो मीच विझवलाय. गॅरेजात असताना."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने शेजारचं दार उघडलं आणि मुलीला नुसतं "उतर" म्हणाली. आवाज चढवला नाही. त्याने डॅशबोर्डवरची रेघ दाखवली, पर्सचं सांगितलं, वायरीतल्या तुकड्याचंही सांगितलं. आता ती ओरडेल, मग रडेल, मग सावकाश माफही करेल, असा त्याचा अंदाज होता. लहानपणापासून तिचा क्रम तोच.

"अशा किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"गाड्या."

"अकरा," तो म्हणाला. मोजावं लागलं नाही.

"म्हणजे दहा अजून रस्त्यावर."

"तू तरी वाचलीस ना?" तोंडातून निघून गेलं आणि त्याची मान खाली गेली.

तिने त्याच्या हातातला कागद घेतला, उलटा करून बोनेटवर ठेवला आणि पेन परत त्याच्या बोटांत दिलं.

"लिही. नंबर, रंग, जे आठवेल ते. मालक मी शोधते. घरोघरी जायची सवय आहे मला."

"मला आत टाकतील गं."

"टाकतील."

ती मुलीला घेऊन विटकरी गाडीकडे गेली. दाराची कडी दोनदा ओढावी लागली, मग ते करकरत उघडलं. काचेचा दांडा कोण फिरवणार यावरून मायलेकींचं भांडण सुरू झालं.

तो बोनेटवर वाकला.

पहिली: ही.
दुसरी: निळी. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली होती.
तिसरी:

तिसरीचा रंग आठवेना. आठवत होतं ते इतकंच, की तिची नक्षी सगळ्यांत सुबक उठली होती.