एकट्यांसाठीही प्रवेश

चष्म्याच्या दुकानाच्या दारावर कुणीतरी पत्रक चिकटवून गेलं होतं. मागच्या खोलीत काचा घासणारी बाई चहाला बाहेर आली, तेव्हा तिची नजर त्यावर गेली. ‘श्रद्धा आणि संसाराचा पैसा. आठ रविवार, प्रार्थनागृहाच्या सभागृहात. जोडप्यांसाठी, तसंच एकट्यांसाठीही.’ खाली शिकवणाऱ्याचा हसरा फोटो होता आणि ओळ होती, ‘देवाच्या कृपेनं मी दोन वर्षांत कर्जमुक्त झालो, तुम्हीही व्हाल!’

फोटो तिच्या आधीच्या नवऱ्याचा होता.

तिनं चहा तसाच ठेवला. झेरॉक्सचं दुकान टाकायचं म्हणून त्यानं तिच्या नावावर चार लाखांचं कर्ज काढायला लावलं होतं. “कर सही, देव आहे ना पाठीशी,” असं म्हणाला होता. दुकान सात महिने चाललं. मग एका सकाळी तो यंत्रं विकून, पैसे घेऊन निघून गेला. घटस्फोटाचे कागदही टपालानंच आले. पुढची नऊ वर्षं तिनं हप्ते भरले. दाढ दुखायला लागली तेव्हा ती वाचवायचा खर्च परवडेना, म्हणून सरळ उपटून घेतली. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी आनंद व्हायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

तिनं पत्रकावरच्या नंबरवर फोन करून नाव नोंदवलं.

पहिल्या रविवारी ती अगदी पुढच्या रांगेत बसली. तो हसत आत आला, प्रार्थना म्हटली, डोळे उघडले आणि तिला पाहून गारच पडला. फळ्यावर ‘उत्पन्न’ हा शब्द लिहायला त्याला दोनदा पुसावं लागलं. वर्ग सुटल्यावर त्यानं तिला जिन्यात गाठलं.

“तू इथं कशाला आलीस?”

“शिकायला. एकट्यांसाठी पण आहे ना?”

“हे बघ, मी आता बदललोय. तमाशा करू नकोस.”

“मी कुठं काय बोलले?”

खरंच, ती काही बोलत नव्हती. पाच रविवार ती नुसती वहीत उतरवून घेत राहिली. सर कर्जाबद्दल बोलायला लागले की पेन थांबवायची आणि मान वर करून बघायची. त्याला घाम फुटायचा. त्याच्या त्या घामासाठी ती आठवडाभर रविवारची वाट पाहायची, आणि याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

सहाव्या रविवारचा विषय होता प्रामाणिकपणा. जोडप्यांनी जुनी-नवी सगळी देणी कागदावर लिहून एकमेकांना वाचून दाखवायची होती. एकट्या माणसांना कुणीतरी जोडीदार द्यायचा होता. वर्गाची देखरेख करणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तिला विचारलं, “तुला कोण चालेल?”

“सरांच्या मिसेस,” ती म्हणाली.

तो घाईनं म्हणाला, “तिला चहाचं बघायचंय.”

“चहा मी बघते,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

दर रविवारी वर्गाला चहा द्यायला येणारी त्याची दुसरी बायको नर्स होती. थकलेल्या डोळ्यांची, ऐकून घ्यायची सवय असलेली. काचवालीनं तिच्यासमोर बसून सगळं वाचून काढलं. रक्कम, व्याज, हप्ते, दाढ. आवाज जराही चढवला नाही.

नर्सचे डोळे भरून आले. “कुठं असतो तो मेला?”

“तुमच्या मागं फळ्याशी उभा आहे.”

नर्सनं मागं वळून पाहिलं. मग उठली, कागद घेतला आणि भर वर्गात त्याच्यापुढे धरला. “हे खरं आहे?”

सगळ्यांच्या माना वळल्या. तो चाचरला. “ते... ते जुनं आयुष्य होतं. देवानं मला क्षमा केलीय.”

“कर्ज देवाच्या नावावर नव्हतं,” काचवाली जागेवरूनच म्हणाली. “माझ्या नावावर होतं.”

मागच्या रांगेत कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच्या हातातून मार्कर काढून घेतला. “तुम्ही खाली बसा. उरलेले दोन रविवार मी घेईन. तुम्ही विद्यार्थी म्हणून यायचं. आणि पैसे परत कसे करणार, ते आत्ता लिहून द्यायचं.”

त्यानं लिहून दिलं. नर्सनं खाली सही केली आणि गाडी विकायची ठरवली. काचवालीला नर्सबद्दल वाईट वाटलं. त्याच्याबद्दल नाही.

“मी दर महिन्याला बँकेत भरत जाईन,” तो पुटपुटला.

“नाही. हातात द्यायचे. पहिला हप्ता पुढच्या रविवारी, इथं, सगळ्यांसमोर.”

पुढच्या रविवारी तो पाकीट घेऊन आला. ती बसून राहिली, त्याला उभं ठेवलं आणि एकेक नोट सावकाश मोजली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नऊ वर्षं बँकेच्या काउंटरपुढे ती स्वतः अशीच उभी राहिली होती, आणि आता तिला कसलीही घाई नव्हती.

नर्स शेजारी येऊन हळूच म्हणाली, “आता तरी समाधान झालं का हो?”

“नाही,” ती म्हणाली. मग एक नोट उजेडात धरून तिनं त्याला परत दिली. “ही फाटकी आहे. बदलून आणा. मी थांबते.”

तो गेला. तिनं पाण्याची बाटली उघडली आणि वहीचं नवं पान काढलं.