निपाणीत शिंक धरत नाहीत

माझे मेव्हणे मारुतीराव बेळगावात भूगोलाचे मास्तर होते, आणि माणूस मातीतून घडतो हे वाक्य त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं होतं. टिळकवाडीतल्या त्यांच्या घरात सोप्यातच मुंबई इलाख्याचा नकाशा टांगलेला असे. कोणी पाहुणा आला की ‘बसा’ म्हणायच्या आधी ते ‘कुठले?’ म्हणून विचारत आणि गावाचं नाव ऐकलं की माणसाकडे बघायचं सोडून नकाशाकडे बघत. काळ्या मातीतला माणूस चिवट आणि व्यवहारी. तांबड्या मातीतला भोळा आणि झोपाळू. पाऊस जास्त तिथला आळशी, पाऊस कमी तिथला चिक्कू. बेळगावची हवा मात्र समशीतोष्ण, म्हणून इथला माणूस सगळ्या बाजूंनी समतोल. मास्तर स्वतः बेळगावचे होते, हे वेगळं सांगायला नकोच.

मी बेळगावजवळच्या मच्छे गावचा. माझी निम्मी जमीन तांबडी, निम्मी करडी. त्यामुळे माझ्याबद्दल त्यांचं मत कधी पक्कं झालं नाही. “भावकू, तुम्ही संक्रमण प्रदेशातले,” ते म्हणत. “तुमच्यासारख्यांचं निश्चित असं काही सांगता येत नाही.” एकदा त्यांनी मला समजावलं की इंग्रज थंड मुलखातले, थंडीनं माणूस उद्योगी होतो, म्हणून त्यांचं आपल्यावर राज्य. मी म्हटलं, “दाजी, मग हिमालयातल्या अस्वलानं का न्हाय राज्य केलं?” त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी तुटक बोलत होते.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांच्या घरात लग्नाची मुलगी होती, आणि ते तिच्यासाठी नवरा शोधत नव्हते, हवामान शोधत होते.

मालू माझी एकुलती भाची. सातवी पास झालेली, कामाला वाघीण, बोलायला कमी. तिला पहिलं स्थळ आलं ते खानापुराकडचं. भाताची शेती, दारात फणसाची झाडं, मुलगा देखणा. आम्ही घर बघायला गेलो, पोटभर जेवलो, आणि जेवणानंतर घरातली माणसं जरा आडवी झाली. झालं! मास्तर परत येताना म्हणाले, “अतिपर्जन्याचा प्रदेश. आळस रक्तात.” अहो, आमच्यासाठी त्या बिचाऱ्यांनी पहाटे उठून स्वयंपाक केला होता. दुसरं स्थळ अथणीकडचं. जोंधळ्याचा मुलूख, त्यात त्या साली पाऊस नाही. यजमानणीनं तूप वाढताना हात जरा आखडता घेतला. मास्तरांनी तेवढं बघितलं. “अवर्षणग्रस्त. कंजूष.” दुसरंही स्थळ गेलं.

आता लोक कुजबुजू लागले होते. माझी बहीण राजाबाई नवऱ्यापुढे बोलत नसे, पण मी गेलो की माझ्यापुढे रडायची. आणखी एक स्थळ मोडलं असतं तर पोरीतच काहीतरी खोट आहे असं चारचौघांनी धरून चाललं असतं, आणि मग तिला कोणी बिजवर म्हातारा गाठावा लागला असता. मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. पण नकाशापुढे त्यांचं काही चालायचं नाही.

तेवढ्यात निपाणीचं स्थळ आलं. मास्तर खूश! काळी माती, बेताचा पाऊस, तंबाखूसारखं नगदी पीक. पुण्या-बंगळुराच्या हमरस्त्यावरचं गाव. “आदर्श,” ते म्हणाले. मुलाचं नाव गुंडू. बाप वारलेला. आई नागुबाई घरची तंबाखूची वखार स्वतः चालवत होती. बाई पाच गावांत नावाजलेली. ती वखारीच्या दारात बसली की माल वजनाला कमी भरत नाही, असं म्हणत. तिची माणसं येऊन मालूला बघून गेली, पसंत म्हणाली. राहिलं होतं ते आम्ही घर बघायचं आणि तिथंच सुपारी फोडायची.

फाल्गुनात आम्ही सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेलो. तो लग्नसराईचा मोसम, आणि निपाणीत तोच तंबाखू चाळायचाही मोसम. नागुबाईचं घर आणि वखार एकाच अंगणात. एका बाजूला बायका तंबाखू कुटत होत्या, चाळत होत्या, आणि दुसऱ्या बाजूला सोप्यात आमच्यासाठी घोंगडी अंथरली होती. मधल्या उन्हात सोनेरी धूळ उडत होती. मास्तर म्हणाले, “वा! प्रदेशाची समृद्धी हवेतच दिसते.”

भटजींनी सुपारी हातात घेतली आणि मास्तर शिंकले.

मग मी शिंकलो. मग मास्तरांचे चुलतभाऊ शिंकले. मग मास्तर पुन्हा, एकामागून एक, टोपी पडेपर्यंत. सुपारी फोडताना शिंक, म्हणजे अपशकुनाचा कळस! वर्गात ग्रहणाचं शास्त्र शिकवणारे आमचे मास्तर तोंड पांढरं करून उठले आणि पायताण शोधू लागले.

“बसा की मास्तर,” नागुबाई हसून म्हणाली. “निपाणीत शिंक धरत न्हाईत. धरली असती तर ह्या गावात एक बी लगीन झालं नसतं. आमी समदी बिनलग्नाचीच मेलो असतो.”

“अपशकुन तो अपशकुन,” मास्तर नाकाला रुमाल लावून म्हणाले. “तो स्थलपरत्वे बदलत नसतो.”

मला संधी मिळाली. मी म्हटलं, “असं कसं दाजी? पीक बदलतंय, हवा बदलतीया, माणूस बदलतोय, तर शकुन तेवढा सगळीकडं सारखा कसा? खानापुरात लगनात पाऊस आला तर कोण उठून जातंय काय? तिकडं पाऊसच पिकतोय. हितं शिंक पिकतीया.” मास्तर थांबले. स्वतःचं शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्यांना फार बरं वाटे. ते हळूच खाली बसले आणि म्हणाले, “तर्क बरोबर आहे.”

मी सुटकेचा श्वास घेतला. पण माशी शिंकायची ती दुसरीकडेच शिंकली. नागुबाईनं भटजींच्या हातातली सुपारी काढून परत ताटात ठेवली.

“शिंकेचं मला काय न्हाय,” ती म्हणाली. “पर तुमची नाकं बघितली. समद्या खानदानाची एकसारखी. तुमची बेळगावची थंड हवा, मऊ भात, मऊ माणसं. माझी सून ह्या धुळीत जन्म काढणार हाय. तुमच्या मातीतलं नाक हितं टिकायचं न्हाय. न्हाय म्हंजे न्हाय.”

मास्तरांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. दोन घरांना त्यांनी जे केलं तेच आता त्यांच्या घराला होत होतं, आणि तेही शास्त्रशुद्ध! मला मनातून हसू येत होतं आणि मालूची काळजीही वाटत होती. मी हात जोडले. “आक्का, तुमी पोरीला डोळ्यांनी न बघता तिचं नाक कसं ठरवतासा?”

नागुबाईनं विचार केला. “बरं. घिऊन या तिला. घटकाभर वखारीत बसू दे. शिंकली न्हाय तर सुपारी.”

घोडी तपासल्यासारखी मुलीची परीक्षा! मला राग आला. मास्तर मात्र म्हणाले, “प्रयोग करायला हरकत नाही.” त्या शब्दापुढे त्यांना पोरीची लाज दिसली नाही.

पुढच्याच आठवड्यात मी मालूला आणि राजाबाईला घेऊन पुन्हा मोटारीत बसलो. मास्तर पुढच्या बाकावर, ड्रायव्हरला माती समजावत होते. मालू खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, “भिऊ नको गं.”

“भीत न्हाय मामा,” ती म्हणाली. मग आवाज न चढवता म्हणाली, “खानापूरचा मुलगा मला आवडला हुता. आता त्याचं लगीन झालं. कुणी इचारलंच न्हाय मला.”

मीही विचारलं नव्हतं. मामा म्हणून मिरवणारा मीसुद्धा त्या दोन्ही वेळी तिकडे जेवणाचीच चव सांगत परत आलो होतो. राजाबाईनं तोंड फिरवलं आणि पदर डोळ्याला लावला.

अंगणात भटजी पुन्हा सुपारी घेऊन हजर होते. वखारीत बायकांनी सरकून मालूला मधोमध जागा दिली. चाळण्या हलू लागल्या. धूळ अशी उठली की समोरची भिंत दिसेना. मास्तर अंगणात लांब उभे राहून दोन रुमाल नाकाला लावून शिंकत होते. मी दारातून बघत होतो, माझ्या डोळ्यांतून पाणी. मालू मांडी घालून बसलेली. एकदा तिनं नाक चोळलं आणि मी दाराची चौकट घट्ट धरली. पण शिंक नाही. शेवटी तिनं शेजारणीची चाळण ओढून घेतली आणि स्वतःच चाळायला लागली.

“बघा!” मास्तर अंगणातून ओरडले. “समशीतोष्ण हवामान! कुठंही जुळवून घेतं!”

माझ्या शेजारी राजाबाई पदरात तोंड खुपसून हसत होती. आता त्यातली गोष्ट अशी, की मास्तरांना तंबाखूचा तिटकारा. घरात पान दिसता कामा नये, असा त्यांचा कायदा. आणि माझी बहीण मिश्रीशिवाय दात न घासणारी. मास्तर शाळेत गेले की दुपारी चुलीवर तवा चढायचा, तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजायचा आणि सगळं स्वयंपाकघर धुरानं भरायचं. मालू परकर नेसायला लागल्यापासून तो तवा तिच्याकडे. मास्तरांना काँगोच्या खोऱ्यात काय पिकतं ते तोंडपाठ होतं, पण स्वतःच्या चुलीपर्यंत त्यांचा भूगोल पोचला नव्हता.

नागुबाई खुलली. “गुंड्या, गूळ आण रं,” तिनं हाक मारली. गुंडू गुळाचं ताट घेऊन वखारीच्या दारात आला, मालूकडे बघायला जरा आत वाकला, आणि जो शिंकायला लागला तो थांबेचना. ताट खाली, गूळ धुळीत, नाक लाल, डोळे लाल.

“ह्ये काय रं?” नागुबाई उठून उभी राहिली.

“आई, मला सोसत न्हाय,” गुंडू कसाबसा म्हणाला. “ल्हानपणापास्नं. म्हणून मी शेतावर पळतो. तुला कसं सांगू? तू म्हणशील, तंबाखूवाल्याचं पोर न्हवंच ह्ये.”

चाळण्या थांबल्या. नागुबाई मटकन बसली. इतकी वर्षं ती त्याला आळशी म्हणत होती. “माझ्या मागं वखार कोण बघणार?” ती म्हणाली, आणि तो कणखर आवाज चिरकला. “ह्या पोराचं लगीन करून करू काय? वखार इकावी लागंल. बांधलेला संसार धुळीला मिळंल.” मला वाटलं, गेलं तिसरं स्थळही.

“वखारीत मी बसीन की,” मालू म्हणाली. “त्यास्नी शेतावर राहू द्या.”

एवढं बोलून ती पुन्हा चाळायला लागली. नागुबाईनं तिच्याकडे बघितलं, मग चाळणीखाली पडलेला चुरा चिमटीत घेऊन बघितला. सारखा बारीक होता. तिनं डोळे पुसले आणि अंगणाकडे वळली. “मास्तर, ऐकलासा? तुमचं काय म्हणणं हाय?”

मास्तरांनी तोंड उघडलं. काळ्या मातीतला मुलगा शिंकत होता, बेळगावच्या थंड हवेतली मुलगी चाळत होती, आणि हे कुठल्या नियमात बसवावं ते त्यांना सापडेना. त्यांनी मालूकडे बघितलं. खरंच बघितलं, गावाचं नाव न विचारता. जन्मभर पुस्तकासारखं बोललेला तो माणूस आमच्या भाषेवर आला.

“मला काय इचारतासा?” ते म्हणाले. “तिला इचारा.”

सगळी वखार मालूकडे वळली. तिनं चाळण खाली ठेवली, हात झटकले आणि गुंडूकडे बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश, जसं दोन वर्षं सगळ्यांनी तिला बघितलं होतं तसं. तो बिचारा शिंक दाबत उभा. नागुबाई ताटकळली, मास्तर ताटकळले, भटजी सुपारी धरून ताटकळले. मला घाई करावीशी वाटली, पण मी तोंड गच्च मिटलं.

तिला हवा तेवढा वेळ तिनं घेतला, आणि मग म्हणाली, “व्हय.”