पाळणे न दाखवणारा कॉम्प्युटर

"दिवसभर करतेस काय तू याच्यावर, ते आधी सांग," नणंद म्हणाली. तिने पिशवी अजून खांद्यावरून उतरवलीही नव्हती.

"शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासते. मेल करते. आणखी काय करणार?"

"मग दुकानातलं ते चकचकीत मशीन कशाला हवंय? मिरवायला?"

माझी नणंद कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. माझ्याहून लहान, पण हुकूम सोडण्यात सासूबाईंच्याही वरताण. लग्न होऊन आले तेव्हा मला तिची धास्तीच वाटायची.

"जुना बिघडलाय गं," मी म्हणाले.

तिने बटण दाबलं. तो मेला लगेच सुरू झाला, जरा कुरकुरसुद्धा केली नाही. "धडधाकट आहे की!" म्हणत तिने बातम्यांचं पान उघडलं. उजवीकडे पाळणा आला. पांढरा, लाकडी, वर कापडी ढग टांगलेले. त्याखाली झबल्यांची रांग. तिचा हात माउसवरच थांबला.

सातव्या महिन्यात आमची मुलगी पोटातच गेली. त्याआधी हौसेने मी काय काय शोधलं होतं, कुठल्या कुठल्या अ‍ॅपवर नाव नोंदवलं होतं. झालं ते नातेवाइकांना कळलं, शेजाऱ्यांना कळलं, जाहिरातींना कोण सांगणार? दर सोमवारी मेल यायचा. तुमचं बाळ आता हसू लागलं असेल. आता कुशीवर वळत असेल. कामाला बसायचं म्हटलं की मला धडकी भरायची. प्रुफं साचली होती. प्रकाशकांनी दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारणार नाहीत, सरळ दुसरं कुणी बघतील, हेही कळत होतं.

आता ही रड म्हणेल किंवा रडू नको म्हणेल, असं मला वाटलं. तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

"नवं मशीन घेऊन उपयोग नाही, वहिनी. जुन्याच खात्यातून आत शिरलीस की हे सगळं बिऱ्हाड मागोमाग येणार."

मग तिने टेबलावर पसारा मांडला. डिस्क बदलली, रॅम वाढवली. जुनी सिस्टीम पुसून तिच्या जागी लिनक्स टाकलं. "हे फुकट आहे. आणि तू काय बघतेस, याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नाही." जाहिराती अडवणारा ब्राउझर घातला. मेलचा पत्ताही नवा काढायला लावला. "हे लोक वर्षाला थोडे पैसे घेतात, पण तुझी पत्रं चाळत बसत नाहीत. पोस्टमनकडून आपली तेवढीच अपेक्षा असते ना गं?"

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

"आता सगळ्यांचे फोन आणा," ती म्हणाली. "एकाच घरातले, एकाच वायफायवरचे. हिला दिसतं ते तुम्हालाही थोडंफार दिसत असणार."

"माझ्या फोनात काही नाही," सासूबाई जरा घाईनेच म्हणाल्या आणि फोन मुठीत घट्ट धरला.

नवरा दारात उभा होता. गेले कित्येक महिने मी खोलीत आले की तो फोन पालथा घालायचा. मी नाही नाही ते मनात आणलं होतं, एकदा भांडलेही होते. तेव्हा तो एक शब्द बोलला नव्हता. आता माझ्याकडे न बघता त्याने फोन बहिणीच्या हातात दिला. तिने उघडला. पाळणा. सासूबाईंची मूठ सोडवली. त्यात दुपटी आणि टोपडी.

"तुला दिसू नये म्हणून झाकत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्याच फोनवर येतंय."

"मला तरी काय वाटलं?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

तीन माणसांचं घर, आणि तिघंही आपापला पाळणा लपवून बसलेले. मग मात्र मला आवरलं नाही. तो जवळ आला. सासूबाईंनी माझं डोकं पोटाशी धरलं.

"रडा सावकाश," नणंद मान वर न करता म्हणाली. "माझं अजून बरंच डाउनलोड व्हायचंय."

तिचे उपकार कसे फेडावेत ते मला आजही कळत नाही. फेडायला गेले तर ती वस्सकन अंगावर येईल, हे मात्र पक्कं.

शेवटी तिने आम्हा दोघांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. "पासवर्ड टाका. घरातल्यांची नावं, वाढदिवस असलं काही नको, ते कुणीही ओळखतं. तुम्हा दोघांशिवाय जगात कुणाला ठाऊक नाही, असं काहीतरी टाका." आणि तिने खुर्ची खिडकीकडे फिरवली.

मुलीचं नाव आम्ही ठरवलं होतं. ती आल्यावरच सांगू म्हणून सासूबाईंनासुद्धा सांगितलं नव्हतं. नंतर तर आम्ही एकमेकांशीही ते उच्चारलं नाही.

तो वाकला आणि एकेक अक्षर दाबू लागला. पडद्यावर नुसते ठिपके उमटत होते. मी त्याची बोटं बघत होते.

"आता परत एकदा टाकायला सांगेल," नणंद तिकडूनच म्हणाली. "दोन्ही जुळायला हवेत."

त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी टाकलं.

"जुळलं?"

"जुळलं," तो म्हणाला.

"नीट लक्षात ठेवा हं. विसरणार नाही ना?"

"नाही," आम्ही दोघंही म्हणालो.