तागडीचं गणित

“बाजू बदलली की चिन्ह बदलतं” ही शकुंतलाबाईंच्या वर्गातली रोजची आरती. माणदेशातल्या त्या शाळेत पोरं ती खणखणीत म्हणायची आणि चिन्ह का बदलतं हे विचारायची कुणाची टाप नव्हती. खरं सांगायचं तर बाईंनाही तो प्रश्न कधी पडला नव्हता.

सत्त्याण्णव साली सांगलीच्या एका कॉलेजात गणिताचे प्राध्यापक आणि शाळेचे शिक्षक मिळून बीजगणिताचे धडे नव्याने बांधायला बसले, त्यात बाई होत्या. प्रमुख होते विष्णुपंत. मोठे गणिती, स्वतःची मॅट्रिक झाल्यापासून शाळेच्या वर्गात पाऊल टाकलेलं नाही, पण माणूस कळकळीचा. त्यांनी ठरवून टाकलं, आरती बंद. समीकरण म्हणजे तागडी; एका पारड्यातून जेवढं काढलं तेवढंच दुसऱ्यातून काढायचं, आणि प्रत्येक पायरी लिहायची. बाईंनी तसंच शिकवलं.

त्यात सगळ्यांत रमली राणी, मेंढरं राखणाऱ्या जोतीरामची थोरली. तिला सोयरीक चालून आली होती. पण दहावीच्या निकालापर्यंत थांबतो, पास झाली तर पुढं शिकवतो, असा शब्द जोतीरामनं बाईंना दिला होता.

राणी बीजगणितातच गेली. पायरीगणिक तागडी मांडता मांडता तिचा निम्मा पेपर कोरा राहिला. घोकून लिहिणारे पास झाले. धडे बांधणाऱ्या त्या शहाण्या मंडळींत एकालाही, बाई धरून, परीक्षेचं घड्याळ आठवलं नव्हतं.

निकाल कळताच विष्णुपंत एसटीने आले आणि बाईंना घेऊन जोतीरामच्या घरी गेले. त्यांनी जोतीरामपुढे हात जोडले, चूक आमची म्हणाले, पोरीला ऑक्टोबरात पुन्हा बसवा म्हणाले. जोतीराम रागावला नाही, आणि त्याचंच बाईंना जास्त लागलं.

“आवं, तुमास्नी दिल्याला शबूद पाळला न्हवं?” तो म्हणाला. “आता पावण्यास्नी दिल्याला बी पाळाय पायजे.”

राणी चहा घेऊन बाहेर आली. पुढच्या आठवड्यात तिची हळद होती. विष्णुपंतांना तिच्याकडे बघवेना. खाली मान घालूनच त्यांनी तिची माफी मागितली.

“सर, मला समदं कळलं हुतं,” ती म्हणाली. “लय बरं वाटायचं.” मग ती बाईंकडे वळली. “बाई, आमची धाकली हरणा औंदा नववीत जातीया. तिच्याकडनं आदी पाठ करून घ्या. कळायचं मागनं बघू.”

बाईंनी हो म्हटलं, आणि जोतीरामच्या अंगणातच त्यांना रडू फुटलं.